ब्रेकवाले काका

आठवडाभर जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत फौजेच्या ट्रकांना ब्रेक बसवायचे आणि सुट्टी मिळाली की ब्रेक नावाची वस्तूच नसलेल्या छकडीवर उभं राहून बैलजोडी उधळायची, असा काकांचा दुहेरी संसार होता. यातली नोकरी कुठली आणि हौस कुठली, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "फॅक्टरी ही हौस आहे, बड्डे. पगार देऊन राह्यले म्हणून करून राह्यलो." बड्डे हे खास जबलपुरी संबोधन. शाळकरी वयाच्या मला काका बड्डे म्हणत आणि फोरमनलाही बड्डेच म्हणत. फोरमनला ते आवडत नसे, मला फार आवडे.

सख्खे म्हणाल तर ते आमचे कुणीच नव्हते. क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीचे ते काका होते. उंची बेताची, मिशी उंचीच्या मानाने जास्त आणि डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. तो वारासिवनीकडच्या एका पटात निखळला होता आणि तिथल्याच एका पहेलवानाने पटाच्या गर्दीत उभ्या उभ्या बसवून दिला होता. सदरा शिवताना शिंपी घोटाळ्यात पडून दोनदा माप घेई. काका त्याला धीर देत, "असाच राहू दे उतार. पावसाचं पाणी निघून जाते."

भोसल्यांच्या काळापासूनची जुनी घराणी सोडली, तर जबलपुरात मराठी माणूस मुख्यतः दोन वाटांनी आला. एक वाट कोर्टाची. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं आणि त्याच्यामागून वकील, कारकून, लघुलेखक आपापल्या लोणच्याच्या बरण्या सांभाळत आले. दुसरी वाट फॅक्टरीची. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, मग खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, मग १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी. कोर्टवाले मराठी घड्याळावर जगत, फॅक्टरीवाले भोंग्यावर. दोघांची गाठ पडायची ती गणपतीत, आणि तिथेही कोर्टवाले कार्यक्रम ठरवत आणि फॅक्टरीवाले मांडव घालत.

काकू कोर्टाच्या वाटेच्या, काका भोंग्याच्या. मूळचे ते बालाघाट जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांमधले. "मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, स्वभावाने शांत आहे," एवढं ऐकून काकूंच्या वडिलांनी होकार दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. स्वभाव सोमवार ते शनिवार अतिशय शांत होता. पहिल्या दिवाळसणाला जावई आला तो एक हात गळ्यात बांधून. सासरेबुवांनी विचारलं, "फॅक्टरीत अपघात झाला का?" काका अभिमानाने म्हणाले, "नाही हो मामा, दुसरा नंबर आला."

आता पट म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकाला बैलगाड्यांची शर्यत ठाऊक असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि लागूनच्या बालाघाटात तिच्या जागी शंकरपट. धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की दिवाळीनंतर गावोगाव पट भरतात, ते थेट होळीपर्यंत. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांचा धंदा याच हंगामावर चालतो. गावातल्या माणसाकडे पाहुणे किती आले, यावर त्याची पत ठरते, आणि पटाच्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याने दार लावून बसावं.

छकडी म्हणजे एक धुरा, एक आस आणि दोन चाकं. माणसाने उभं राहायची सोय तीत केलेलीच नसते. बैलांचं आणि चाकांचं सगळं झाल्यावर जी काही जागा उरते ती माणसाची. तिच्यावर जो उभा राहतो तो धुरकरी. झेंडी पडेपर्यंत चार-पाच जण जोडी आवरून धरतात, झेंडी पडली की बाजूला उड्या टाकतात, आणि पुढचा सगळा खेळ मोजून काही सेकंदांचा. सुटणं त्यातल्या त्यात सोपं. थांबायचं कसं, हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं. पट्टीच्या शेवटी गावातली धट्टीकट्टी पोरं जोडी धरायला उभी असतात. तेवढाच काय तो ब्रेक.

काकांच्या धाकट्या भावाने गावी जोडी ठेवली होती, तिचा निम्मा खर्च काकांचा. त्यामुळे नावं ठेवायचा हक्क काकांचा. उजवा बैल शक्तिमान आणि डावा जोंगा. दोन्ही व्हेईकल फॅक्टरीची लाडकी उत्पादनं. एक ट्रक, दुसरी फौजेची जीप. शक्तिमान नावाप्रमाणे भरवशाचा होता. जोंगाला रस्ता सोडून जायची फार आवड होती. त्यावर काका म्हणत, "जीप आहे ना बड्डे ते. ती बनवलीच रस्ता सोडून जायासाठी."

एका हिवाळ्यात काकांनी मला आणि त्यांच्या दोन मुलींपैकी थोरलीला पटाला बरोबर नेलं. नैनपूरवरून जाणारी छोटी लाइन तेव्हा चालू होती. २०१५ मध्ये ती जबलपूरकडून बंद झाली आणि मोठी लाइन आली. ती चिमुकली गाडी जंगलातून इतकी सावकाश जाई की काका खिडकीतून झाडांची चौकशी करत, "हा मोह मागच्या वर्षी नव्हता एवढा वाढलेला." पटावर पोचल्यावर मात्र तोच माणूस ओळखू येईना. चपला काढल्या, धोतराचा काचा मारला, डोक्याला उपरणं गच्च बांधलं, आधी शक्तिमानच्या आणि मग जोंगाच्या कपाळावर हात ठेवला आणि दोघांच्या कानात आळीपाळीने काहीतरी पुटपुटले. थोरली मान ताठ करून उभी होती. मंत्रबिंत्र असावा, म्हणून मी नंतर विचारलं.

"मंत्र कशाचा? सांगून ठेवतो, घरी दोन पोरी आहेत."

शक्तिमानने ते मनावर घेतलं असावं. जोंगाने त्या दिवशी अर्ध्या वाटेत डावीकडे पाहिलं. तिथे प्रमुख पाहुण्यांचा मांडव होता आणि मांडवाच्या खांबांना शोभेसाठी धानाच्या लोंब्या बांधल्या होत्या. पुढे काय झालं ते एवढं भराभर झालं की धुळीत काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. धूळ बसली तेव्हा मांडव आडवा होता, जोंगा लोंब्या खात होता, शक्तिमान शरमून उभा होता आणि काका प्रमुख पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. ते उठले, अंग झाडलं, खाली पडलेला हार उचलून पाहुण्यांच्या गळ्यात घातला आणि नमस्कार केला. लाउडस्पीकरवरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "जोडी गेली, पण धुरकरी उभा आहे मंडळी, धुरकरी उभा आहे!" नंबरात आलेल्या जोडीला मिळाल्या नसतील तेवढ्या टाळ्या काकांना मिळाल्या.

अशा माणसाच्या रजेचा हिशेब ठेवणं फॅक्टरीला जड जाणारच. इतर लोक आजारी पडून रजेचा अर्ज देत. काका शनिवारीच सोमवारचा अर्ज देऊन ठेवत. फोरमनने एकदा अर्ज परत केला, "अजून काही झालेलं नाही तुम्हाला." काका नम्रपणे म्हणाले, "होईल ना साहेब. उद्या पट आहे." मात्र कामात त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. त्यांच्या हाताखालून गेलेला ब्रेक परत आलेला कुणी पाहिला नाही. थांबायचं मोल त्यांच्याएवढं त्या शॉपमध्ये दुसऱ्या कुणाला कळणार!

एम्पायर टॉकीजला घोडेस्वार काउबॉयचा एक इंग्रजी सिनेमा लागला तेव्हा आम्ही पोरांनी वर्गणी काढून काकांना नेलं. मध्यंतरापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "घोडा हुशार जनावर. तो एकट्याच्याच डोक्याने चालून राह्यला, हिरो नुसता बसलाय. इथे बैल दोन आणि मी तिसरा. तिघांचं एकमत होईतो शर्यत संपते."

हाच माणूस बाप म्हणून पाहिला की वाटे, याचा कुणी भित्रा जुळा भाऊ असावा. पोरींना स्कूटरवर बसवलं की ते स्कूटर चालवत नसत, तिला रस्त्यावरून फिरवून आणत. सायकलवाले पुढे जात, पायी चालणारे दोन शब्द बोलून पुढे जात. थोरली इंजिनिअरिंग कॉलेजात जायला लागली तेव्हा वर्गातली पोरं मैलाच्या दगडावर बसून पैजा लावत, आज ती पहिल्या तासाला पोचते की दुसऱ्या. तिने एकदा विनवलं, "बाबा, थोडं जोरात घ्या ना." काकांनी स्कूटर कडेला घेतली, पाय टेकले आणि गंभीरपणे विचारलं, "काहून? मागं कुणी लागलंय का?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा गोळा करतात. काकांनी ती प्रथा आमच्या क्वार्टरांत आणली. बैल स्वतः कोरत, चाकं फॅक्टरीच्या रद्दीतली. ओळीतल्या सगळ्या पोरांसाठी त्यांनी साधे बैल केले. स्वतःच्या दोघींच्या बैलांना मात्र मागच्या चाकावर रबराचा तुकडा आणि शेपटीपासून निघालेली तार होती. शेपटी ओढली की बैल जागच्या जागी थांबे. जगातला ब्रेक असलेला हा पहिला लाकडी बैल असावा. त्या ब्रेकमुळे दोघी बहिणी दर वर्षी शर्यतीत शेवटच्या येत आणि काका दर वर्षी त्यांनाच बक्षीस देत, "सर्वांत सुरक्षित जोडी" म्हणून. बाकीच्या पोरांच्या आयांनी यावर तक्रार केली. काका म्हणाले, "बक्षीस माझ्या खिशातलं आहे, वहिनी."

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. अंथरुणातून उठून भांबावलेली माणसं बाहेर येईतो काका दोन्ही पोरींना काखोटीला मारून अंगणाच्या मध्यभागी उभे होते. काकू मागाहून आपल्या पायांनी आल्या, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे काकांना आयुष्यभर ऐकवली. काकांचा बचाव ठरलेला असे, "तुला काय उचलायचं? तू भूकंपाच्या आधीच उठलेली होतीस." त्यानंतर कित्येक रात्री सगळी वसाहत अंगणात झोपली. काकांनी पोरींची खाट बाहेर काढली आणि स्वतः खाटेखाली सतरंजी पसरली. कारण विचारलं तर म्हणाले, "जमीन हलली तर मला आधी कळेल. या दोघींना उठवायला वेळ लागते."

घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही. हे काही काकूंच्या धाकामुळे नव्हतं, किंवा फक्त त्यामुळे नव्हतं. पटात बहुतेक धुरकऱ्यांच्या हातात तुतारी असते, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. काकांनी ती कधी हातात धरली नाही. लोक हसत. काका सांगत, "टोचल्यावर पळणारा बैल पुढं नाही पळत. तो आपल्यापासून पळते." थोरली दहावीच्या सहामाहीत गणितात नापास झाली तेव्हा काकूंनी दोन दिवस अबोला धरला. काकांनी प्रगतिपुस्तकावर सही केली, मिशीला पीळ दिला आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. काय पुटपुटले ते तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "पडलीस तर लगेच उठून उभी राह्य. लोक टाळ्या वाजवतात."

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद झाल्या. काकूंनी त्या संध्याकाळी कमानिया गेटला जाऊन खोव्याची जलेबी आणली. काका निवृत्त झाले होते, पण पट सुटलेले नव्हते. आम्हाला वाटलं, म्हातारा आता अन्न सोडणार. त्यांनी जलेबीचे चार नग खाल्ले आणि म्हणाले, "कोर्टाचं काय चुकलं? टोचणाऱ्यांनी न टोचणाऱ्यांचंही घालवलं." मग अंगणात जाऊन बराच वेळ बसले. काकूंना ते बघवेना. आणखी एक जलेबी त्यांनी आपल्या ताटातली काढून बाहेर नेऊन दिली.

पुढे थोरलीने त्यांना ह्यूस्टनला नेलं. तिथे दर मार्चमध्ये प्रचंड रोडिओ भरतो. उधळलेल्या बैलावर एका हाताने आठ सेकंद टिकून राहिलं तरच गुण मिळतात. थोरलीला वाटलं, बाबा हरखून जातील. काका परीक्षकाच्या नजरेने बघत होते. "सेकंदांचं गणित बरोबर आहे यांचं. पण बैल एकटा. एकटा काय, कुणीही उधळते. जोडी उधळवून दाखवा म्हणावं." नंतर मैदानात मेंढ्या आल्या. टेक्सासमध्ये पाच-सहा वर्षांच्या पोरांना शिरस्त्राण घालून मेंढीच्या पाठीवर बसवतात आणि मेंढी सोडून देतात. पोर टिकेल तितकं टिकतं, मग मातीत पडतं आणि सगळे कौतुक करतात. पहिलं पोर पडल्याबरोबर काका खुर्चीवरून ताडकन उठले आणि शुद्ध बालाघाटी मराठीत ओरडले, "अरे, बाप कुठं आहे याचा? धरा त्याला!" थोरलीने सदरा ओढून खाली बसवलं. दुसऱ्या पोराच्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेजारी एक धिप्पाड टेक्सन आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, या गृहस्थांना काही त्रास होतोय का? काकांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. काकांनी आपला डावा खांदा दाखवला. आजोबांनी जरा विचार करून पॅन्ट वर केली आणि गुडघा दाखवला. काकांनी मनगट पुढे केलं, आजोबांनी बरगडीवर बोट ठेवलं. मोडलेल्या हाडांच्या भाषेत दोघांचं अर्धा तास इतकं रंगलं, की पुढची बक्षिसं कुणाला गेली ते दोघांनीही पाहिलं नाही. जावयाने घेऊन दिलेली काउबॉय हॅट काकांनी जबलपुरात रोज घातली. ती डोक्यावर घालून ते गोलबाजारात कोथिंबिरीचा भाव करत, आणि दोन रुपये कमी करून मिळत.

१६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रातल्या शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. नव्या नियमांत काठी नाही, चाबूक नाही. धाकटी, जी आईकडच्या आजोबांच्या वाटेने हायकोर्टात वकील झाली, तिने निकाल वाचून दाखवला तेव्हा काका म्हणाले, "माझंच म्हणणं लिहिलं आहे." छकडीवर चढायला काकूंची बंदी होती आणि ती कुठल्याच पीठाने उठवली नसती. मग गोंदियाकडच्या एका पटाने त्यांच्या हाती माइक दिला. हॅट घालून ते मंचावर बसले. पण ज्या आवाजाची सगळ्यांनी वाट बघितली तो आलाच नाही. जोडी सुटायच्या आधी ते माइकवरून विचारत, "धुरकरी भाऊ, लेकरं किती तुम्हाला?" उत्तर ऐकून म्हणत, "मग सांभाळून." त्या पटात एकही वेळ विशेष लागली नाही. पुढल्या वर्षी त्यांना माइकऐवजी शाल-श्रीफळ देण्यात आलं.

धाकटीला मात्र छकडीवर उभं राहायचं होतं. तळेगाव दशासरच्या पटात बायकाही जोड्या हाकतात, हे तिने फोटो दाखवून सिद्ध केलं. वकिली जोरात केली. ज्या माणसाने स्वतःचं एक हाड धड ठेवलं नव्हतं, तो म्हणाला, "पडशील." ती म्हणाली, "पडले तर उठून उभी राहीन." काकांना यावर उत्तर नव्हतं, म्हणून ते देवदर्शनाला ग्वारीघाटावर निघून गेले.

काका गेले ते स्वतःच्या बिछान्यात, झोपेत, सगळी हाडं जागेवर असताना. तेराव्याला बालाघाटकडून दोन जीप भरून माणसं आली. जेवणं झाल्यावर ओसरीवर वाद पेटला. उजवं मनगट आमच्या गावच्या पटात मोडलं, असं दोन गावांचं म्हणणं होतं आणि कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं. खांदा निर्विवाद होता. शेवटी काकूंनी आतून निरोप पाठवला की मनगट दोनदा मोडलेलं आहे, दोघांनी एकेकदा घ्यावं. मंडळी समाधानाने सुपारी कातरायला लागली.

संध्याकाळी कपाटातून त्यांचा कागद निघाला, फॅक्टरीच्या अर्जाच्या भाषेत लिहिलेला. घर काकूंना, पैसे दोघींना समान. गावच्या जोडीतला निम्मा हिस्सा धाकटीला, या अटीवर की तिने छकडीवर उभं राहू नये, बसावं. धाकटीने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाली, "ही अट टिकत नाही."

काकूंनी कागद तिच्या हातातून घेतला आणि घडी घातली. "त्यांनाही ठाऊक होतं ते," त्या म्हणाल्या. "या घरात त्यांची अट टिकली कधी? तू उभी राहा. पण रजेचा अर्ज आधी देऊन ठेव."